हिवाळा आणि पोट : एका पुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

काम ठरलं. ज्येष्ठ नागरिक संघासाठी सोळा पानांची पुस्तिका करायची: थंडीत पोट का कुरकुरतं आणि त्यावर आयुर्वेदात काय सांगितलंय. संक्रांतीच्या आधी छापून हातात हवी. लिहिणार मी, शास्त्र तपासणार आमच्या वैद्यबाई, चित्रं काढणार शेजारचा कला महाविद्यालयातला मुलगा. पैसे कुणालाच मिळणार नाहीत, त्यामुळे भांडणंही होणार नाहीत अशी आशा.

संध्याकाळी पहिलं पान लिहूनही टाकलं. पहिलं वाक्य: ‘थंडीत जठराग्नी मंदावतो, त्यामुळे अन्न पचत नाही.’ वाचायला झकास वाटतंय.

२६ नोव्हेंबर

वैद्यबाईंनी त्या पहिल्याच वाक्याखाली लाल रेघ मारली आणि समासात एकच शब्द लिहिला: ‘उलट.’

फोन केला. म्हणाल्या, चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सहावा अध्याय काढा. काढला. गार वाऱ्याच्या स्पर्शाने शरीरातली ऊब बाहेर पडत नाही, आत कोंडते, आणि हेमंतात अग्नी इतका बळावतो की जड अन्न आणि जास्त अन्न दोन्ही पेलतो. वाग्भटही अष्टांगहृदयात तेच सांगतो: ‘हेमन्ते प्रबलोऽनलः’. म्हणजे ग्रंथांच्या हिशेबाने हिवाळा ही पचनाची सुगी. अग्नी मंदावतो तो पावसाळ्यात.

मग हिवाळ्यात आमच्या अण्णांचं, म्हणजे सासऱ्यांचं, पोट नगाऱ्यासारखं का होतं? बाई हसल्या. ‘तेच तर पुस्तिकेत लिहायचंय. आणि चरकांचा श्लोक पुन्हा वाचा. त्यात “बलिनां” असा शब्द आहे. बलवान माणसांचा अग्नी वाढतो म्हटलंय. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा, असं नाही म्हटलेलं.’

पहिलं पान रद्द.

२९ नोव्हेंबर

तीन दिवस नुसतं वाचन. हाती लागलेलं एवढं:

अग्नी प्रबळ असतो हे खरं, पण त्याला सरपण लागतं. ते कमी पडलं तर वायूने फुंकर घातलेला तोच अग्नी शरीरातले धातू (रस, रक्त, मांस वगैरे) पचवायला घेतो, असं वाग्भट म्हणतो. आणि पुढे एक अगदी घरगुती गोष्ट सांगतो: रात्री मोठ्या असतात, म्हणून या दिवसांत माणसाला सकाळीच भूक लागते. हे वाचून मी थांबले. अण्णा पाचला उठतात. चहा, त्यात बुडवून दोन खाऱ्या, आणि मग साडेदहापर्यंत काही नाही. चूल भडकलेली आणि वर रिकामा तवा.

दुसरी गोष्ट अग्नीच्या चार तऱ्हांची: सम, विषम, तीक्ष्ण, मंद. वाताने बिघडतो तो विषम. आज पुरणपोळी जिरते, उद्या साधा वरणभात फुगतो. पोट डबडबतं, गुडगुडतं, शौच धड होत नाही. अण्णांची तक्रार अशीच, कधी आहे कधी नाही. आणि वाताचे गुण बघितले तर रूक्ष आणि शीत, म्हणजे थेट हिवाळ्याच्या हवेचेच.

तर पुस्तिकेचा धागा सापडला. पोटातली आग विझलेली नसते. कोरडेपणा, चुकलेल्या वेळा आणि कमी-जास्त सरपण यांनी ती बिथरते. आपण मात्र ‘थंडी आहे, गरम पडलं पाहिजे’ म्हणून सुंठ-मिऱ्यांचा मारा करतो.

अण्णांना वही दिली. काय खाल्लं, किती वाजता, पोट कधी फुगलं, शौच कधी. ‘आधी डॉक्टरांची फाइल, आता सुनेची वही,’ म्हणाले, पण चष्मा काढून लगेच तारीख टाकली.

४ डिसेंबर

परवा मार्गशीर्ष लागला, हेमंत ऋतू. मुहूर्त बघून पोटातल्या गॅसवरचं हिंग्वष्टक चूर्ण घरी करायचं ठरवलं. छापण्याआधी आपण करून बघितलेलं बरं.

आठ जिन्नस: सुंठ, मिरी, पिंपळी, अजमोदा, सैंधव, दोन तऱ्हांची जिरी आणि हिंग. किराणा दुकानात ‘काळं जिरं’ मागितलं. पुडी आणली, भाजली, कुटली, जिभेवर ठेवली आणि तोंड इतकं कडू झालं की गुळाचा खडा चघळावा लागला. दुकानदाराने कडूजिरं बांधून दिलं होतं. ते वेगळं झाड, जंतांवर वापरतात. मला हवं होतं शहाजिरं. काळं जिरं, शहाजिरं, कडूजिरं आणि कांद्याचं बी (म्हणजे कलौंजी) ही चार नावं दुकानागणिक इकडची तिकडे होतात. पुस्तिकेत फक्त ‘शहाजिरं’ लिहायचं, ‘काळं’ हा शब्दच नको. शिवाय ‘वास घेऊन बघा’ अशी सूचना घालायची.

अजमोद्याचंही तेच. बरेच जण ओवाच घालतात. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, घरगुती वापराला ओवा चालेल, पण मग तसं लिहा, अजमोदा म्हणून ओवा खपवू नका.

७ डिसेंबर, शनिवार

आज चंपाषष्ठी. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, कांद्याची पात, लसूण. चातुर्मासात कांदा-वांगं सोडलेल्यांची आज सुटका. अण्णांनी दोन भाकऱ्या भरतासोबत कोरड्याच खाल्ल्या. तूप नको म्हणाले, कोलेस्टेरॉल. वहीत रात्री नऊ वाजता नोंद: ‘पोट टम्म. वांगं बाधलं.’

मला वाटतं वांग्याला उगाच दोष लागला. बाजरी उष्ण म्हणून आपण हिवाळ्यात खातो, पण ती रूक्षही आहे. पूर्वी भाकरीवर लोण्याचा गोळा किंवा ताटात तीळकूट असायचं, ते तिचं वंगण. ते काढून टाकलं की उरतं नुसतं कोरडं सरपण. चमचाभर तुपाचा प्रश्न डॉक्टरांना विचारा म्हटलं. विचारतो म्हणाले.

८ डिसेंबर

हिंगाचा दिवस. सगळं काम इथेच अडलं, म्हणून सविस्तर.

हिंग्वष्टकाच्या श्लोकात शब्द आहेत ‘अष्टमो हिङ्गुभागः’. आठवा भाग हिंगाचा. याचा अर्थ काय? बाकीचे सात जिन्नस प्रत्येकी १० ग्रॅम घेतले तर हिंग आठवा जिन्नस म्हणून तोही १० ग्रॅम? की एका भागाचा आठवा हिस्सा, म्हणजे सव्वा ग्रॅम? की सातांच्या मिळून ७० ग्रॅमचा आठवा हिस्सा, पावणेनऊ ग्रॅम? पहिल्या आणि तिसऱ्या वाचनात फारसा फरक नाही, पण दुसरं वाचन चूर्णाची चवच बदलून टाकतं. बाई म्हणाल्या, समभाग घेणारे खूप, कमी घेणारेही आहेत, आणि हिंग कोणता यावर बरंच अवलंबून आहे.

तेही खरंच. डबीत मिळतो तो बांधणीचा हिंग, त्यात मूळ हिंगाबरोबर डिंक आणि गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ असतं. खडा हिंग म्हणजे झाडाच्या मुळातून पाझरलेला चीक, तो फार तीव्र. आपल्याकडचा हिंग आजवर अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तान इथून येत आला. हिंगाचं रोप भारतात पहिल्यांदा लावलं गेलं ते १५ ऑक्टोबर २०२० ला, हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात. इतकी शतकं दुसऱ्याच्या मुळावर आपल्या फोडण्या!

पहिला प्रयत्न फसला. कढईत तूप कडकडीत तापवलं, डबीतला पिठूळ हिंग टाकला, दोन सेकंदांत काळा कोळसा. पीठच ते, जळणारच.

दुसऱ्यांदा काष्ठौषधींच्या दुकानातून खडा आणला. वाटाण्याएवढे तुकडे केले (बत्ता चिकटतो, खडा कागदात गुंडाळून ठोकावा), मंद आचेवर चमचाभर तुपात सोडले. आधी काहीच होत नाही. मग कडेने बारीक बुडबुडे, आणि तुकडा लाहीसारखा फुगतो, दुप्पट होतो. वास बदलतो तो क्षण पकडायचा: कच्च्या हिंगाचा नाकात जाणारा दर्प जाऊन परतलेल्या कांदा-लसणासारखा गोड वास यायला लागला की लगेच उतरवायचं. गार झाल्यावर तोच चिवट खडा बोटाने चुरडला जातो. हिंग तुपात भाजून घ्या असं का सांगतात ते आज कळलं. चुरडलाच गेला नाही तर चूर्णात मिसळणार कसा?

जिरी कोरडी भाजली, सैंधव तव्यावर गरम करून ओल घालवली, सगळं कुटून सुती फडक्यातून वस्त्रगाळ केलं. हिंग निम्म्याने, ५ ग्रॅम घातला. हा माझा आणि बाईंचा तोडगा, श्लोकाचा नाही. पुस्तिकेत तसंच लिहायचं.

आणि घ्यायचं कसं तेही त्याच श्लोकात आहे: पहिल्या घासाला, तुपाबरोबर. गरम भाताचा पहिला घास, त्यात तूप, त्यावर चिमूट-दोन चिमटी चूर्ण. लोक ते जेवणानंतर कोमट पाण्यातून घेतात, पोट फुगल्यावर. म्हणजे तूपही गेलं आणि वेळही गेली. सुंठ, मिरी, पिंपळी सगळी तिखट आणि कोरडी करणारी, तूप त्यांना आवर घालतं. चित्रं काढणाऱ्या मुलाला सांगितलं, चित्रात पहिला घास काढ, औषधाची बाटली नको.

१२ डिसेंबर, मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

संघातल्या बायकांची बैठक. निम्म्या जणींचा उपास. दिवसभर चहा आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट भरपूर. तिघींनी एकच तक्रार सांगितली: रात्री छातीत जळजळ. प्रबळ अग्नीला दिवसभर उपाशी ठेवायचं आणि मग एकदम तळकट, चिकट खायला घालायचं. उपास सोडा असं पुस्तिकेत लिहिणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण दुपारी राजगिऱ्याची लाही दुधातून किंवा वरीचा पातळ भात तुपासोबत, आणि खिचडी थोडी, एवढं लिहिता येईल. जळजळ होणाऱ्यांनी हिंग्वष्टक आणि मिऱ्याच्या वाटेला जाऊ नये, हेही जाड अक्षरात.

एकीने विचारलं, रोज रात्री एरंडेल घेतलं तर? बाईंनी ‘रोज? मुळीच नाही’ म्हणून पुढचा प्रश्न घेतला.

१६ डिसेंबर

अण्णांची वही पहिल्यांदा नीट वाचली. अठरा दिवसांच्या नोंदी. हा पुरावा वगैरे नाही, एका माणसाची वही आहे. पण एक गोष्ट मी शोधत नव्हते ती दिसली. पहाटेच्या रकान्यात सहा वेळा लिहिलंय: ‘५ ला कळ आली. थंडी. पडून राहिलो.’ आणि त्या प्रत्येक दिवशी पुढे: ‘साफ नाही.’

विचारलं तर म्हणाले, ‘अगं, फरशी बर्फासारखी असते, गोधडीतून पाय बाहेर काढवत नाही. मग नंतर होतच नाही.’

चरकांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात तेरा वेग सांगितलेत, जे अडवू नयेत. मल, मूत्र, अधोवायू त्यात आहेतच, पण भूक, तहान, झोप, जांभई, अश्रूसुद्धा आहेत. मलाचा वेग अडवला की पोटात दुखतं, वात आणि मल दोन्ही कोंडतात. मी तीन आठवडे सुंठ-हिंग कुटत बसले आणि खरा उपाय निघाला पायमोजे आणि रबरी चपला. आज दोन्ही आणल्या, पलंगाशी ठेवल्या. न्हाणीघरात पायपुसणं टाकलं.

तहानेचंही तसंच. थंडीत ती जाणवतच नाही, अण्णा दुपारपर्यंत दोन पेले पाणी पितात. खुर्चीशेजारी कोमट पाण्याचा थर्मास. चिमूटभर सुंठ घातली तर आवडीने पितात, सुंठीचं काम असो नसो, पाणी पोटात जातं.

पुस्तिकेचा क्रम बदलला. औषधांचं पान पाचवरून अकरावर गेलं. आधी वेळ, पाणी, वेग, सकाळचं खाणं.

१९ डिसेंबर

ताकावरून वाद. संघाच्या चिटणीसांचं म्हणणं, ‘हिवाळ्यात ताक? लोक हसतील.’ बाईंनी भावप्रकाशातला श्लोकच म्हणून दाखवला: ‘शीतकालेऽग्निमान्द्ये च’, थंडीच्या दिवसांत, अग्नी मंद असताना, वाताच्या विकारांत ताक अमृतासारखं. चिटणीस गप्प, पण पटलेलं दिसलं नाही.

घोळ असा की ताक म्हटलं की डोळ्यांसमोर फ्रिजमधलं आंबट, गार ताक येतं. म्हणून चौकट केली: दुपारच्या जेवणाबरोबर, ताजं, आंबट नसलेलं, घुसळून पातळ केलेलं, तुपाची हिंग-जिऱ्याची फोडणी दिलेलं, आणि गार नाही. रात्री दही नको हेही चरकांचंच. ताक प्यायल्यावर ज्याला सर्दी किंवा सांधे धरल्यासारखं वाटतं त्याने घेऊ नये. श्लोकापेक्षा स्वतःचं पोट मोठं.

२३ डिसेंबर

सावधगिरीचं पान. हे बाईंनी सांगितलं आणि मी जवळजवळ जसंच्या तसं उतरवलं.

थंडीच्या पहाटे छातीत दडपण, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, याला ‘गॅस’ म्हणून ओवा चावत बसू नये, थेट दवाखाना. थंडीत हृदयविकाराचे झटके वाढतात आणि ‘वायू धरलाय’ म्हणून घरी घालवलेला तास फार महाग पडतो. काळं शौच, रक्त, अकारण वजन उतरणं, पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणं, हे चूर्णाचे विषय नाहीत. रक्तदाब असणाऱ्यांनी चूर्णातलं सैंधव हे मीठच आहे हे विसरू नये. ज्येष्ठमधाने रक्तदाब चढू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सुंठ-लसणाचे मोठे डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. मिरी-पिंपळीतला पिपरीन काही औषधांचं शोषण वाढवतो, म्हणून गोळी आणि चूर्ण एकाच वेळी नको.

चित्रकाराने पाठीमागच्या पानासाठी ओळ सुचवली: ‘पूर्वजांना सगळं ठाऊक होतं.’ खोडली. पूर्वजांना हिंगाचं माप तरी एकमताने ठाऊक होतं का?

२ जानेवारी २०२५

मुद्रितं आली. ‘पिंपळी’चं सगळीकडे ‘पिंपळ’ झालंय. म्हणजे लोकांनी मिऱ्यांबरोबर पिंपळपान कुटायचं. नऊ ठिकाणी दुरुस्त्या.

‘हिंग्वष्टकाने गॅस बरा होतो’ या वाक्यातला ‘बरा होतो’ बाईंनी काढायला लावला. आता आहे ‘आराम पडू शकतो’. पान थोडं मवाळ झालं, पण खरं झालं.

१३ जानेवारी, भोगी

काल रात्री गठ्ठे आले, आज संघात वाटप. घरी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि भोगीची भाजी: हरभरा, पावटा, घेवडा, गाजर, वांगं, बोरं. पावटा आणि हरभरा दोन्ही वातुळ. रात्रभर भिजवून ते पाणी टाकून दिलं, फोडणीत हिंग सढळ, कूट तिळाचं. अण्णांना भाकरीवर लोणी चालेल, चमचाभर, असं डॉक्टरांनी सांगितलंय. एकच भाकरी खाल्ली. पोटाचे दोन भाग अन्न, एक भाग पाणी, चौथा वायूसाठी मोकळा, हे पान सहावरचं चित्र त्यांनी ताटाशेजारी उघडं ठेवलं होतं, माझ्याकडे बघत.

वहीत रात्री: ‘पावटा खाल्ला. थोडं फुगलं. झोप लागली.’

‘थोडं फुगलं’ हे मी तसंच राहू दिलं. पावटा तो पावटाच.

१८ जानेवारी

संघातून पहिले निरोप. एका आजोबांनी पुस्तिका पहिल्या पानापासून न वाचता थेट अकरावं पान उघडलं आणि विचारलं, चूर्ण तयार मिळेल का. दुसऱ्या एका काकूंनी पुस्तिकेतून काय घेतलं, तर चपला. म्हणाल्या, हे लिहिलं ते बरं झालं, सांगायची लाज वाटत होती.

३० जानेवारी

माघ लागला, म्हणजे शिशिर. वाग्भटाच्या मते हेमंताचंच पथ्य पुढे चालू, पण जास्त नेटाने, कारण थंडीही वाढते आणि हवेतला कोरडेपणाही. तूप-तेल कमी करायची वेळ अजून आलेली नाही.

एक चूक आज सापडली. ऋतूप्रमाणे हिरडा घेण्याचं जे पान आहे त्यात मी फक्त हेमंताचं लिहिलं: हिरडा सुंठीबरोबर. शिशिरात जोडी बदलते, सुंठीच्या जागी पिंपळी येते. पुस्तिका ‘हिवाळ्याची’ म्हणून वाटली आणि अर्ध्या हिवाळ्याचंच लिहिलं. उरलेल्या प्रतींत चिठ्ठ्या चिकटवायला बसलो, मी आणि अण्णा. डिंक त्यांनी लावला. मग उठून स्वतःच्या हिरड्याच्या डबीवरची चिठ्ठी काढली, ‘सुंठ’ खोडलं, चष्मा पुसला आणि वर ‘पिंपळी’ लिहिलं, ळी दीर्घ.